मासा तीन महिन्यांचा, अनुदान तीन वर्षांचे

१९८१ साली 'नेचर' साप्ताहिकात चार पानांचा एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी झेब्राफिश या जेमतेम दीड इंची पट्टेदार माशाच्या जनुकीयदृष्ट्या हुबेहूब प्रतिकृती तयार केल्या होत्या. आज हृदयापासून कर्करोगापर्यंत कितीतरी विषयांवर या माशात काम चालते, आणि त्या सगळ्याचा उगम या चार पानांत सापडतो. मला मात्र त्या पानांच्या आधीच्या कोऱ्या वर्षांबद्दल बोलायचे आहे. साठीचे दशक संपता संपता स्ट्रायसिंगर माशांकडे वळले होते. म्हणजे माशांवरचा पहिला मोठा निबंध यायला दहाएक वर्षे गेली. त्या वर्षांत काय झाले असेल, तर टाक्या, पाणी, मेलेली पिल्ले आणि फसलेले प्रयोग. आपल्याकडे तीन वर्षांच्या अनुदानावर प्रयोगशाळा चालवणाऱ्या कोणी असा वार्षिक अहवाल दिला, तर पुढचा अर्ज कोणत्या फायलीत जाईल हे सांगायला नको.

प्राण्यांच्या पिढ्यांवर ज्या शास्त्राची गाडी चालते, त्याला पैसे आर्थिक वर्षांच्या हिशेबाने दिले तर त्या शास्त्रातली सर्वांत मोलाची कामे सुरूच होत नाहीत. ती फसली असती तर निदान कुठे नोंद तरी झाली असती. इथे ती अर्जाच्या पातळीलाच कोणी मांडत नाही, त्यामुळे नुकसान दिसतही नाही. एका पेशीपासून अख्खा प्राणी कसा घडतो हे शोधणारे विकासजीवशास्त्र हे याचे ठळक उदाहरण आहे, आणि झेब्राफिशचा इतिहास त्याचा जवळजवळ लेखी पुरावा.

स्ट्रायसिंगर यांना नेमके काय करायचे होते? ते आले होते जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंच्या, म्हणजे फेजच्या जनुकशास्त्रातून. तिथे पिढी अर्ध्या तासाची, आणि जनुकाची प्रत एकच. बिघाड झाला की लगेच दिसतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. बिघाड अप्रभावी असेल तर एक चांगली प्रत दुसरीचे दोष झाकते. हे झाकण काढायचे होते. युक्ती अशी की शुक्राणूंवर अतिनील किरण सोडायचे, त्यांचा डीएनए निकामी करायचा, पण पोहायची आणि अंड्याला चालना द्यायची ताकद शाबूत ठेवायची. किरण कमी पडले तर बापाच्या गुणसूत्रांचे तुकडे भ्रूणात शिरतात. जास्त झाले तर शुक्राणू अंड्यापर्यंत पोहोचतच नाही. हे जमले तरी हाती येतो तो फक्त आईच्या एका संचावर चालणारा एकगुणित भ्रूण. तो आखूड, बुटका वाढतो आणि काही दिवसांत मरतो.

त्याला जगवायचे तर आईचाच संच दुप्पट करायचा. त्याच्या दोन वाटा निघाल्या. पहिली दाबाची. फलनानंतर साधारण दीड मिनिटाने अंड्यांवर दर चौरस इंचाला ८००० पौंड दाब द्यायचा आणि सहाव्या मिनिटाला काढायचा. अंडपेशी गुणसूत्रांचा जो संच एरवी बाहेर टाकते तो मग आतच राहतो. दुसरी वाट उष्णतेची. फलनानंतर तेराव्या ते पंधराव्या मिनिटापर्यंत, म्हणजे फक्त दोन मिनिटे, पाणी ४१.४ अंश सेल्सिअसला न्यायचे. गुणसूत्रे दुप्पट झालेली असतात पण पेशी दुभंगत नाही, आणि प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असलेला मासा मिळतो. दाबाच्या वाटेने जास्त पिल्ले जगतात, पण दोन्ही प्रती सगळीकडे सारख्या नसतात, कारण अंडे तयार होताना गुणसूत्रांची अदलाबदल आधीच होऊन गेलेली असते. उष्णतेच्या वाटेने पूर्ण एकसारखेपणा मिळतो, पण बहुतेक भ्रूण मरतात.

बापाचे काहीच आले नाही, हे ओळखायचे कसे? त्यासाठी 'गोल्डन' नावाचा फिकट रंगाचा मासा कामी आला. हा बिघाड अप्रभावी. आई गोल्डन घ्यायची, शुक्राणू गडद पट्ट्यांच्या नराचे घ्यायचे. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीला भ्रूण गडद दिसला तर किरणांचा डोस चुकला; फिकट दिसला तर तो निव्वळ आईचा. एका दृष्टिक्षेपात निकाल. प्रयोगाची अशी सोपी खूण शोधण्यातच अर्धे शहाणपण असते.

यातली खरी अडचण मात्र यंत्रांची नव्हती. कोणत्याही सामान्य माशाच्या अंगात काही ना काही प्राणघातक अप्रभावी बिघाड लपलेले असतात. दोन्ही प्रती सारख्या केल्या की ते सगळे एकदम उघडे पडतात आणि पिल्लू मरते. म्हणून आधी असे मासे निवडून वाढवायचे की ज्यांच्यात हे बिघाड नाहीत. ओरेगॉनमधल्या पाळीव माशांच्या दुकानांतून आणलेल्या माशांपासून पुढे 'एबी' नावाचा वाण आला तो याच परंपरेत. झेब्राफिशची एक पिढी प्रजननक्षम व्हायला सुमारे तीन महिने लागतात. दहा वर्षे म्हणजे फार तर चाळीस पिढ्या. फेजवाल्या माणसाने आधीच्या कारकिर्दीत चाळीस पिढ्या एका दिवसात पाहिल्या असतील.

आता आपल्या मराठी विज्ञानलेखनातली एक सवय. अशी गोष्ट आली की आपण 'तपश्चर्या', 'ध्यास', 'एकांतातली साधना' हे शब्द काढतो आणि शास्त्रज्ञाला ऋषी करून मोकळे होतो. वाचायला बरे वाटते, पण त्यात मुद्दा हरवतो. स्ट्रायसिंगर १९६० पासून ओरेगॉन विद्यापीठाच्या गावी, युजीनच्या रेण्वीय जीवशास्त्र संस्थेत पक्क्या नोकरीत होते. टी-४ या फेजवरच्या कामाने त्यांनी जनुकीय संकेत तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो याला प्रथिनाच्या पातळीवर पुरावा दिला होता. १९७५ साली, म्हणजे माशांवर मोठा निबंध नसतानाच, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. थोडक्यात, दहा वर्षे गप्प बसण्याची ऐपत त्यांना आधीच्या कीर्तीने आणि विद्यापीठाने दिली होती. धीर हा त्यांचा स्वभाव असेलही, पण त्या धीराचा पगार दर महिन्याला वेळेवर जमा होत होता. १९८४ साली, छप्पन्न वर्षांचे असताना, स्कूबा डायव्हिंग शिकताना हृदयविकाराने ते गेले. निबंधाला जेमतेम तीन वर्षे झाली होती. संदर्भांच्या मोजणीने त्यांची किंमत ठरवायला बसलेल्या समितीला तेव्हा फारसे काही हाती लागले नसते. पुढचे काम चार्ल्स किमेल, मॉन्टी वेस्टरफील्ड अशा युजीनमधल्याच सहकाऱ्यांनी चालू ठेवले, कारण मासे, टाक्या आणि ते सांभाळणारी माणसे संस्थेत शिल्लक होती.

दुसरे उदाहरण जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांना १९९५ साली नोबेल मिळाले ते फळमाशीवरच्या कामासाठी. तोवर त्यांना झेब्राफिशकडे वळून बरीच वर्षे झाली होती. फळमाशीत केले तेच, म्हणजे जनुके सरसकट बिघडवून भ्रूणात काय चुकते ते छानून पाहायचे काम, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात करायचे, आणि तेही घाऊक प्रमाणात, असा त्यांचा बेत होता. मॅक्स प्लांक संस्थेने त्यासाठी सुमारे ७००० टाक्यांचे मत्स्यगृह उभे केले.

त्या छाननीचे गणित समजून घेतले की वेळेचा मुद्दा आपोआप पटतो. प्रौढ नरांना एथिल-नायट्रोसो-युरिया या रसायनाच्या सुमारे तीन मिलिमोलर द्रावणात तासभर ठेवायचे, आणि हे आठवड्याच्या अंतराने तीन ते सहा वेळा करायचे. रसायन कर्करोगकारक, हातमोजे, वेगळी खोली आणि उरलेले द्रावण निष्प्रभ करण्याची सोय लागतेच. काही नर यातच दगावतात. राहिलेल्यांचे पहिल्या काही आठवड्यांचे शुक्राणू वापरायचे नाहीत, कारण रसायन लागले तेव्हा ते तयार झालेले असतात, आणि त्यांतून येणारे पिल्लू अंगात काही पेशी बिघडलेल्या, काही धड, असे मिश्र निघते. मूळ पेशींपासून नवे शुक्राणू तयार होईपर्यंत थांबावे लागते. मग पहिली पिढी: तीन महिने. तिच्यातल्या भावंडांच्या नव्हे, वेगवेगळ्या माशांच्या जोड्या लावून दुसरी पिढी: आणखी तीन महिने. या दुसऱ्या पिढीच्या एका कुटुंबात एखादा बिघाड निम्म्या माशांकडे असतो. म्हणून भावाबहिणीच्या चार जोड्यांमागे सरासरी एकीतच दोघेही वाहक निघतात, आणि त्या जोडीच्या पिल्लांपैकी एक चतुर्थांश पिल्लांत बिघाड दिसतो. एका कुटुंबातल्या सहा जोड्या तपासल्या तर बिघाड सापडण्याची शक्यता ८२ टक्के. आठ तपासल्या तर ९०. जोडी लावली म्हणजे अंडी मिळतीलच असेही नाही. तिसऱ्या पिढीचे पहिले भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली येईपर्यंत वर्ष सरत आलेले असते. आणि हे झाले शोधणे. सापडलेला बिघाड खरा आहे, आनुवंशिक आहे, हे ठरवायला पुन्हा एक पिढी.

ट्युबिंगेनच्या गटाने असे ३८५७ जनुकसंच तपासले. दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी भ्रूण पाहिले. ४२६४ बिघाड सापडले. त्यांतले ११६३ ठेवून बाकीचे टाकून दिले, कारण 'सगळेच अंग खराब' अशा बिघाडातून विशिष्ट काही कळत नाही. ठेवलेल्यांची आपसांत जोडी लावून पाहिल्यावर ८९४ बिघाड ३७२ जनुकांत बसले. बोस्टनला वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या गटाने अशीच समांतर छाननी केली आणि डिसेंबर १९९६ मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकाचा एक अख्खा अंक ३७ निबंधांनी भरला. एकाच अंकात ३७ निबंध! निबंध मोजणाऱ्यांना हा सुकाळ वाटेल. पण आधीची वर्षे त्यांच्याच तक्त्यात शून्याची आहेत, आणि तीन हजारांवर बिघाड फेकून देण्याचा निर्णय आपल्या प्रगती अहवालात 'उद्दिष्ट अपूर्ण' या सदराखाली गेला असता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की हे जुने झाले, आता क्रिस्पर हे जनुक कापायचे साधन आहे, हवे ते जनुक महिन्यात तोडता येते. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण निधी देणारेही तसेच समजतात.

झटपट साधनाचा एक प्रयोग या क्षेत्राने आधी करून पाहिला आहे. २००० साली मॉर्फोलिनो आले. साधारण पंचवीस अक्षरांचा एक कृत्रिम रेणू. एक ते चार पेशींच्या अवस्थेत भ्रूणात टोचायचा. तो ठरावीक जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि प्रथिन बनू देत नाही. दोन-तीन दिवसांत परिणाम समोर. तीन वर्षांच्या अनुदानाला, पीएचडीच्या वेळापत्रकाला हे साधन अगदी मापाने शिवल्यासारखे बसले. निबंधांचा पाऊस पडला. अडचण ही की यातले बरेच रेणू भलत्याच ठिकाणीही चिकटत, आणि पेशींना आत्मनाशाकडे ढकलणारा पी-५३चा मार्ग जागा करत. मेंदूतल्या पेशी मरत, डोके लहान, डोळे लहान. दिसायला तो 'जनुक बंद केल्याचा परिणाम'च वाटे. २०१५ साली खरोखर जनुक तोडलेले मासे करून तुलना झाली, तेव्हा मॉर्फोलिनोने दाखवलेले सुमारे ८० टक्के परिणाम त्या माशांत दिसलेच नाहीत. पंधरा वर्षांचे कितीतरी काम पुन्हा तपासावे लागले.

गोष्ट इथेही संपत नाही, आणि ती एकतर्फी सांगणे बरोबर नाही. त्याच वर्षी दिदिए स्टेनिए यांच्या गटाने दाखवले की काही बाबतीत मॉर्फोलिनो खोटे बोलत नव्हते; जनुक कायमचे तोडलेला मासाच सांभाळून घेत होता. एक जनुक गेले की त्याच्यासारखी दुसरी जनुके जास्त काम करू लागतात. पुढे २०१९ मध्ये याचे कारणही बरेचसे उलगडले: बिघडलेल्या जनुकाचा संदेश पेशी नष्ट करते, आणि त्या नष्ट होण्यातूनच भावंड-जनुकांना हाक जाते. म्हणजे घाईच्या साधनाने उभा केलेला गोंधळ सोडवता सोडवता जनुकांच्या वागण्याबद्दल एक नवीच गोष्ट कळली. पण ती कळायला सावकाश, पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले मासेच हाताशी असावे लागले.

आणि क्रिस्परचे खरे वेळापत्रक? फलनानंतर पहिले विभाजन होण्याआधी, सुमारे चाळीस मिनिटांत, टोचणे. त्यातून वाढलेला मासा मिश्र असतो, पेशीपेशीत वेगळा तुकडा गळालेला. तो मोठा होऊ द्यायचा: तीन महिने. साध्या माशाशी जोडी लावून पिल्ले मोठी करायची, शेपटीच्या पराचा इवला तुकडा कापून डीएनए वाचायचा, एकच बिघाड असलेले नर-मादी निवडायचे: आणखी तीन महिने. मग त्यांच्या जोडीतून दोन्ही प्रती बिघडलेले भ्रूण. सातव्या महिन्यात पहिला निकाल, तोही सगळे सुरळीत झाले तर. बऱ्याच जनुकांचे प्रथिन आई अंड्यातच भरून ठेवते, त्यामुळे सुरुवातीचे दिवस काहीच बिघडलेले दिसत नाही. त्यासाठी आईच दोन्ही प्रती बिघडलेली लागते, म्हणजे अजून एक पिढी. क्रिस्परने जनुक शोधायची वर्षे वाचवली हे खरे. मासा मोठा व्हायचे तीन महिने त्याने वाचवलेले नाहीत.

काही प्रश्न तर वर्षांतही मावत नाहीत. 'क्लोश' नावाच्या बिघाडात भ्रूणात रक्तपेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर जवळजवळ तयारच होत नाही. स्टेनिए यांनी त्याचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. जनुक हाती लागले २०१६ मध्ये. ते तेराव्या गुणसूत्राच्या अगदी टोकाला, जिथे नकाशेच धड नव्हते अशा जागी दडून बसले होते. एकवीस वर्षे तो बिघडलेला वाण कोणीतरी जिवंत ठेवला, दर पिढीला वाहक ओळखून पुढची पिढी काढली. गोल्डनचेही तसेच. १९८१ च्या निबंधातल्या त्या फिकट माशाचे जनुक कीथ चेंग यांच्या गटाने २००५ मध्ये ओळखले. माणसातले तेच जनुक भ्रूणात घातल्यावर माशाचा गडद रंग परत आला, आणि त्यातल्या एका अमिनो आम्लाच्या फरकाने युरोपीय लोकांची त्वचा उजळ होण्याचा मोठा वाटा उचलला आहे असे दिसले. तोच फरक भारतीय उपखंडातही दूरवर पसरलेला आहे, आणि त्याचे मूळ युरोपीयांशी सामायिक आहे, हे २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने मांडले. गोरेपणाच्या जाहिरातींवर पोसलेल्या आपल्या समाजाला या माशाचे एवढे तरी देणे लागते. १९७० च्या दशकात मात्र 'या फिकट माशाचा समाजाला उपयोग काय' या रकान्यात कोणीही हे लिहू शकले नसते.

आता पैशांकडे. अनुदानात उपकरणे, रसायने, मनुष्यबळ, प्रवास असे ठराविक मथळे असतात. मत्स्यगृह यांतल्या कशात बसते? ते उपकरण नाही. ते चालू असलेले जीवन आहे. पाणी आधी पूर्ण गाळून घ्यायचे, मग त्यात मोजून क्षार घालायचे. तापमान २८.५ अंश, चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार. मुंबईत मे महिन्यात हे पाणी गरम करण्यापेक्षा थंड ठेवणेच जड जाते. गाळणीत जे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, ती वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. वीज गेली, पंप बंद पडला, जनरेटर चालू झाला नाही, की प्राणवायूअभावी मासे तर मरतातच, पण जिवाणूही मरतात आणि वाचलेल्या माशांना मग अमोनिया मारतो. संध्याकाळी जाळीच्या तळाच्या डब्यात नर आणि मादी मध्ये पडदा घालून ठेवायचे, सकाळी दिवे लागल्यावर पडदा काढायचा. जाळी यासाठी की आईबाप स्वतःचीच अंडी खातात. अंडी विरंजकाच्या सौम्य द्रावणात धुतली नाहीत तर बाहेरून आलेल्या माशांबरोबर रोग घरात येतो. पाचव्या दिवशी पिल्लू खायला लागते. तोंड इतके बारीक की पॅरामेशियम किंवा रोटिफर असे सूक्ष्म जीवच जातात, आर्टेमिया हे जरा मोठे कोळंबीसारखे जीव नंतर. इथे दोन दिवस हयगय झाली तर दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत टाकी रिकामी. आणि मेलेली पिल्ले लगेच दिसतही नाहीत, तळाशी विरून जातात. पिल्लांची दाटी झाली, खाणे कमी पडले तर वाढ खुंटते आणि नरच जास्त निघतात, मग पुढच्या पिढीला माद्या मिळत नाहीत. प्रौढ मासे दोन-चार दिवस उपाशी राहू शकतात. पिल्ले दिवाळीची सुटी पाळत नाहीत.

हे सगळे करणारा माणूस बहुतेक ठिकाणी प्रकल्पाच्या पैशातून, करारावर असतो. प्रकल्प संपला, नवा मंजूर व्हायला आठ-दहा महिने गेले, की माणूस जातो. झेब्राफिशचा वाण दीड-दोन वर्षांत म्हातारा होतो, म्हणजे त्याआधी पुढची पिढी काढलीच पाहिजे. अंतर पडले की वाण संपला. उंदरांसारखे या माशाचे भ्रूण नेहमीच्या पद्धतीने गोठवून ठेवता येत नाहीत. बलक मोठा, पाणी नीट बाहेर काढता येत नाही. शुक्राणू गोठवता येतात, आणि दर मोलाच्या वाणाचे ते गोठवायलाच हवेत, पण द्रवरूप नायट्रोजनलाही दर आठवड्याला भर घालणारा हात लागतो. अमेरिकेत युजीनलाच या माशांचे राष्ट्रीय भांडार आहे. एखादी प्रयोगशाळा बंद झाली तरी तिचा वाण उरतो. आपल्याकडे एखाद्या संशोधकाने पाच वर्षे घालून केलेला वाण त्याच्या निवृत्तीबरोबर नाल्यात जाऊ शकतो, आणि कोणत्याही लेखापरीक्षणात त्याची नोंद होत नाही. टेबल हरवले तर होते.

म्हणून मागणी दोन गोष्टींची. मत्स्यगृह, तिथली वीज आणि तिथले किमान दोन प्रशिक्षित कर्मचारी हे संस्थेच्या कायम खर्चात यावेत, ग्रंथालयासारखे. आणि विकासजीवशास्त्रातल्या छाननीच्या, वाण घडवण्याच्या कामांना सात-आठ वर्षांची मुदत मिळावी. हे वाढीव पैशांचे मागणे नाही. देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढेच खर्च करतो हे दुखणे वेगळे आहे. त्याच पैशांचे वाटप लांब मुदतीने केले तरी बराच फरक पडेल.

गरीब देशात आठ वर्षे कोणाला विचारायचेच नाही का, हा प्रश्न रास्त आहे. लांब मुदतीच्या सावलीत झोपणारेही असतात. पण तपासायचे काय हे मासाच सांगतो. दहाव्या-बाराव्या महिन्याला किती कुटुंबे वाढली, किती जनुकसंच तपासले, किती बिघाड पुढच्या पिढीत टिकले, किती टाकले आणि का, हे आकडे निबंध नसतानाही तपासता येतात. छाननी नीट चालली असेल तर एकाच जनुकात दोन-तीन वेगळे बिघाड सापडू लागतात. ट्युबिंगेनला ही सरासरी २.४ होती. असे होऊ लागले की त्या पद्धतीने सापडण्यासारखी जनुके बरीचशी हाती आली. हे आकडे खोटे करणे निबंधातला आलेख सजवण्यापेक्षा अवघड आहे, कारण टाक्या मोजता येतात. दुसऱ्या प्रयोगशाळेला किती वाण दिले, हाही एक चांगला निकष. सध्या त्याला शून्य गुण आहेत.

तरुणांचा मुद्दा यातच आहे. स्ट्रायसिंगर आणि न्यूसलाइन-फोलहार्ड दोघेही मासे हाती घेण्याआधी प्रस्थापित होते. आपली व्यवस्थाही कळत-नकळत तसेच सांगते: आधी झटपट विषयांवर नाव कमवा, मग पन्नाशीत धाडस करा. न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी २००४ साली एक प्रतिष्ठान काढले, ते लहान मुले असलेल्या तरुण स्त्री-शास्त्रज्ञांना घरकाम आणि मुलांच्या सांभाळासाठी पैसे देते. शिष्यवृत्ती नव्हे, कामवालीचा पगार. आपल्याकडे स्त्रियांसाठीची सवलत वयाची अट शिथिल करण्यापाशी थबकते, पण सकाळी दिवे लागताच अंडी गोळा करायला मत्स्यगृहात हजर राहायचे असते तेव्हा घरी मूल कोणाकडे, हा प्रश्न वयोमर्यादेने सुटत नाही.

काम होत नाही असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनावणे यांचा गट माशाच्या त्वचेच्या थरांवर काम करतो. ट्युबिंगेनच्या छाननीच्या परंपरेतल्या 'पेन्नर' या बिघाडाचे जनुक उलगडण्यात त्यांचा हात होता. पुण्याच्या आघारकर संस्थेत माशाच्या मणक्यांमधल्या चकत्या पुन्हा कशा भरून येतात हे पाहिले जाते. वेलकम ट्रस्ट आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या संयुक्त योजनेतून पाच-पाच वर्षांच्या पाठ्यवृत्त्या दिल्या गेल्या आहेत, म्हणजे लांब मुदत आपल्या नियमांत बसतच नाही असे म्हणायला जागा नाही.

आणि एक काम असे आहे की ते इथेच होऊ शकते. हा मासा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला, भातखाचरांतला आणि संथ ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. 'मासा आपला, नोबेल त्यांचे' असला अभिमान किंवा गळा काढण्यात अर्थ नाही. जन्मस्थान शोधाचे श्रेय देत नाही. पण प्रयोगशाळेतल्या वाणांनी वाटेत काहीतरी हरवले आहे. जंगली माशांत चौथ्या गुणसूत्रावर नर-मादी ठरवणारा भाग आहे. एबी आणि ट्युबिंगेन या वाणांत तो उरलेला नाही, असे २०१४ साली दिसून आले. ज्यांच्यावर जगभर लिंगनिश्चितीचा अभ्यास चालला होता, त्यांच्यातच ती यंत्रणा मोडलेली होती. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंचांवर काम करणाऱ्या संस्थेने आसामातल्या जंगली माशांवर काम सुरू केले होते. तसे निरनिराळ्या खोऱ्यांतले, निरनिराळ्या ऋतूंत पकडलेले मासे स्वतंत्र वाण म्हणून जतन करायचे, त्यांचे शुक्राणू गोठवायचे, दर काही वर्षांनी त्याच ओढ्यांवर परत जाऊन काय बदलले ते पाहायचे, हे काम एकदा हाती घेतले की चालूच राहते. अर्जात 'प्रकल्प पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख' असा एक रकाना असतो, आणि तो कोरा सोडला तर अर्ज पुढे जात नाही.